चिनी लिपि आणि सव्वीस कळा

संगणकावर चिनी भाषा लिहावयाची झाल्यास कोणती पद्धति सर्वांत सोयीची, हा प्रश्न मराठी मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्यांत थोडें धाडस आहे, हें आम्ही जाणतों. आमच्या वाचकांपैकीं चिनी भाषा शिकलेले बोटांवर मोजण्याइतकेच असणार. आणि जे शिकले असतील त्यांस आमच्यापासून घेण्यासारखें फारसें कांहीं असेल असेंही नाहीं. परंतु वरवर पाहतां कारकुनी स्वरूपाच्या दिसणाऱ्या या प्रश्नाच्या पोटांत लिपि, भाषा आणि लेखनशैली यांसंबंधींचे असे कांहीं प्रश्न दडलेले आहेत कीं, त्यांचा निकाल एकट्या यंत्रज्ञांवर सोंपवून साहित्याच्या अभ्यासकांनीं स्वस्थ बसणें बरें नव्हे. या विषयावर अलीकडे इंग्रजींत तीन उत्तम ग्रंथ झाले. स्टॅन्फर्ड विद्यापीठांतील इतिहासाचे प्राध्यापक थॉमस मुलेनी यांचा 'द चायनीज टाइपरायटर' हा ग्रंथ २०१७ सालीं निघाला, व त्याचा उत्तरार्ध म्हणतां येईल असा 'द चायनीज कॉम्प्यूटर' २०२४ सालीं; येल विद्यापीठाच्या जिंग त्सू यांचा 'किंग्डम ऑफ कॅरॅक्टर्स' २०२२ सालचा. तिन्ही ग्रंथ आम्हीं आवडीनें वाचले. तथापि मुलेनी यांच्या एका प्रतिपादनाशीं आमचें जमत नाहीं, आणि तें कां जमत नाहीं हें सांगण्याकरितांच हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमचा स्वतःचा या विषयाशीं संबंध कसा आला तें आधीं सांगितलें पाहिजे. आम्हीं चिनी भाषा पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकावयास घेतली. त्या वयांत कानाला नवे स्वर ओळखूं येत नाहींत व हाताला वळण लागत नाहीं. पण हौस दांडगी होती. पुढें शांघायच्या एका प्राध्यापकांशीं पत्रव्यवहार जमला, आणि तुकोबांच्या कांहीं निवडक अभंगांचें चिनी भाषेंत रूपांतर करावें असा संकल्प दोघांनीं मिळून केला. आम्ही अर्थ द्यावा, त्यांनीं ओळ घडवावी, आणि मग दोघांनीं त्या ओळीशीं झटापट करावी, असा क्रम गेलीं तीन वर्षें चालूं आहे. हें सारें दळणवळण संगणकावरून होत असल्यामुळें चिनी अक्षरें उमटविण्याची कोणतीतरी रीत पत्करणें आम्हांस भागच होतें. त्या रीतीपायीं आमचें सहा महिन्यांचें काम कसें लांबणीवर पडलें, तें पुढें येईलच.

मूळ अडचण सर्वांस ठाऊक आहे. १७१६ सालच्या कांगशी शब्दकोशांत सत्तेचाळीस हजारांहून अधिक अक्षरें आहेत. नित्याच्या व्यवहारास इतकीं लागत नाहींत हें खरें; चीन सरकारनें २०१३ सालीं प्रमाण अक्षरांची जी यादी प्रसिद्ध केली तींत ८,१०५ अक्षरें आहेत. पण आठ हजार म्हटलीं तरी तीं सव्वीस कळांच्या फलकावर बसवावयाचीं कशीं? गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत चिनी टंकलेखनयंत्र म्हणून जें वापरांत आलें त्यास कळफलक नव्हताच. सुमारें अडीच हजार सुटे खिळे एका मोठ्या तबकांत मांडलेले असत, आणि टंकलेखक त्यावरून हात फिरवीत एकेक खिळा हुडकून उचलीत असे. जो हुडकण्यांत तरबेज तो टंकलेखनांत तरबेज, असा तो सरळ हिशेब होता.

हा हिशेब ज्या गृहस्थानें प्रथम मोडला तो यंत्रज्ञ नव्हे, तर निबंधकार होता, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. लिन युतांग यांचे 'माय कंट्री अँड माय पीपल' आणि 'द इंपॉर्टन्स ऑफ लिव्हिंग' हे ग्रंथ आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या मागच्या पिढीनें आवडीनें वाचलेले आहेत. निवांतपणाचें आणि आळसाचें तत्त्वज्ञान सांगणाऱ्या या लेखकानें ग्रंथांवर मिळविलेली सारी पुंजी घालून, वर कर्ज काढून, १९४७ सालीं न्यूयॉर्क येथें बहात्तर कळांचें एक टंकलेखनयंत्र तयार करविलें. त्याची युक्ति अशी : पहिली कळ अक्षराच्या वरच्या भागाची, दुसरी खालच्या भागाची. या दोन कळा दाबल्या तरी कागदावर कांहींच उमटत नसे. यंत्राच्या माथ्यावरील एका लहानशा खिडकींत तशा घडणीचीं फार तर आठ अक्षरें दिसत, आणि त्यांतील हवें तें अक्षर आंकड्याची कळ दाबून निवडावें लागे. म्हणजे कळ ही अक्षर उमटविण्यासाठीं नसून अक्षरास हांक मारण्यासाठीं आहे, ही कल्पना येथें प्रथम मूर्त झाली. एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर प्रयोग करून दाखविण्याच्या वेळीं यंत्र चालेना, अशी हकीकत लिन यांच्या कन्येनें लिहून ठेवली आहे. तें यंत्र कारखान्यांत कधींच तयार झालें नाहीं, आणि त्याचा एकुलता एक नमुनाही नाहींसा झाला होता. तो २०२५ सालीं न्यूयॉर्कमधील एका घराच्या तळघरांत सांपडला व स्टॅन्फर्ड विद्यापीठानें तो आपल्याकडे घेतला. आज चीनमधील प्रत्येक मनुष्य आपल्या फोनवर जें करतो तें तत्त्वतः लिन यांच्या खिडकींतलेंच आहे : हांक मारावयाची, समोर आलेल्यांतून निवडावयाचें.

आतां हांक कशानें मारावयाची? रूपानें कीं नांवानें? संगणकाच्या युगांतील शेंकडों चिनी पद्धतींचा सारा झगडा या एका प्रश्नावर आहे.

रूपाची बाजू प्रथम पाहूं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळांत तुरुंगांत पडलेले ज़् बिंगयी नांवाचे एक अभियंता होते. कागद मिळेना, म्हणून ते चहाच्या पेल्याच्या झांकणावर अक्षरांचे संकेत लिहीत, पुसत, पुनः लिहीत; जिंग त्सू यांनीं ही हकीकत फार चांगली सांगितली आहे. त्या झांकणावर जन्मलेली पद्धति १९७८ सालीं शांघायच्या वर्तमानपत्रांत गाजली. तैवानमध्यें चू बांगफू यांनीं १९७६ सालीं 'त्सांगज्ये' पद्धति सिद्ध केली. त्सांगज्ये हा पुराणांतला चार डोळ्यांचा पुरुष, ज्यानें पक्ष्यांचीं पाउलें पाहून अक्षरें शोधिलीं असें चिनी लोक मानतात. या पद्धतींत 'ए'च्या कळेवर सूर्य, 'बी'वर चंद्र, 'डी'वर झाड अशीं मूळ रूपें बसविलीं आहेत. सूर्य आणि चंद्र या दोन कळा लागोपाठ दाबल्या कीं 'तेजस्वी' हें अक्षर येतें, आणि झाडाची कळ दोनदां दाबली कीं 'वन'. अशी पद्धति पाहून कोणाही भाषाप्रेमी मनुष्याचें मन हरखावें यांत नवल नाहीं. चू बांगफू यांनीं १९८२ सालीं आपला हक्क सोडून ती सर्वांस खुली केली, हेंही त्यांच्या थोरवीस शोभण्यासारखेंच झालें.

मुख्य चीनमध्यें मात्र राज्य गाजविलें तें 'वूबी'नें, म्हणजे 'पंचरेषा' पद्धतीनें. हनान प्रांतांतील वांग योंगमिन यांनीं ती १९८३ सालीं पुढें आणली. आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, ठिपका किंवा उजवीकडे उतरणारी, आणि वळणारी अशा पांच रेषांचे कळफलकावर पांच मुलूख. प्रत्येक मुलखांत पांच कळा. एकूण पंचवीस, आणि 'झेड'ची कळ मोकळी. शंभराहून अधिक मूळ आकृति या पंचवीस कळांवर वांटून दिलेल्या आहेत. कोणतेंही अक्षर फार तर चार कळांत येतें. अत्यंत नित्याचीं पंचवीस अक्षरें एकेका कळेंत येतात. आणि दोन अक्षरांचा शब्दही चारच कळांत येतो. 'चीन' हा शब्द घ्या : के, एच, एल, जी. संपलें. कोणत्या कळेवर कोणत्या आकृति आहेत हें पाठ करण्यासाठीं एक यमकांचें गाणें आहे. आपल्याकडे लहानपणीं तिन्हीसांजेला परवचा म्हणवून घेत, तसें तें १९८० नंतरच्या शिकवणीवर्गांतून लाखों तरुणांकडून म्हणवून घेतलें गेलें. ज्यास तें साधलें त्यास समोरची खिडकी पाहण्याचें कारणच उरत नाहीं. पियानो वाजविणाऱ्याप्रमाणें बोटें आपोआप पडतात.

मग या पद्धतीस उतरती कळा कां लागली? गाणें पाठ करण्याचा आळस, असें जुने वूबीकार म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. आमच्या मतें कारण अधिक खोल आहे, आणि येथेंच आमचा मुलेनी यांच्याशीं मतभेद सुरू होतो.

मुलेनी यांच्या नव्या ग्रंथाच्या आरंभींच २०१३ सालच्या एका चिनी टंकलेखनस्पर्धेचें वर्णन आहे. विजयी तरुणानें वूबीच्या साह्यानें मिनिटास दोनशेंहून अधिक अक्षरें उमटविलीं. या चमत्कारावरून ते असें सुचवितात कीं, कळ आणि अक्षर यांमधील सरळ नातें तोडून मध्यस्थाकरवीं लिहिण्याची जी रीत चिन्यांनीं अडचणीपायीं पत्करली, तीच त्यांस पाश्चात्यांच्या पुढें घेऊन गेली. ज्या लिपीस 'यंत्रयुगास अपात्र' म्हणून शंभर वर्षें हिणविलें गेलें, आणि जी टाकूनच द्यावी असें १९१८ सालीं च्येन श्वानथोंग यांच्यासारखा चिनी पंडितच म्हणूं लागला होता, तिच्या बाजूनें हें बोलणें न्यायाचें आहे. पण त्या स्पर्धेंतील तरुण काय करीत होता? समोर ठेवलेल्या मजकुराची नक्कल करीत होता. नक्कल करणाऱ्यास अक्षर डोळ्यांसमोर दिसत असतें. त्याचा उच्चार काय, अर्थ काय, याच्याशीं त्यास कर्तव्य नाहीं. दिसलेल्या रूपावरून त्याच रूपाची हांक, हा त्याचा जवळचा रस्ता. १९८० ते ९० या दशकांत संगणकापुढें बसत असे तो बहुतांशीं असाच पगारी नक्कलकार, साहेबांनीं हातानें लिहून दिलेला मसुदा उतरवून काढणारा. त्याच्यासाठीं वूबी ही खरोखरच सर्वोत्तम पद्धति होती व आजही आहे.

परंतु जो स्वतः लिहितो, ज्याच्यापुढें मसुदा नाहीं, त्याच्या मनांत आधीं काय येतें? अक्षराची आकृति येत नाहीं. शब्द येतो, आणि तो ध्वनीच्या रूपानें येतो. अशा लेखकास वूबी सांगते कीं, मनांत ऐकूं आलेल्या शब्दाचें आधीं चित्र उभें कर, तें चित्र फोड, आणि मग कळा दाब. सरावानें हें होतें. पण विचाराच्या ऐन भरांत तो एक जादा टप्पा राहतोच. साहेब स्वतःच संगणकापुढें बसूं लागले त्या दिवशीं नक्कलकाराची पद्धति मागें पडली, असें आम्ही समजतों. आळसाचा त्यांत संबंध थोडा. वेगाच्या स्पर्धांतून कोणती पद्धति बरी हें ठरविणें म्हणजे शुद्धलेखनाच्या वहीवरून कवि निवडण्यासारखें आहे.

नांवानें हांक मारण्याची रीत म्हणजे 'पिनयिन'. रोमन अक्षरांत चिनी उच्चार लिहिण्याची ही योजना १९५८ सालीं चीननें अधिकृतपणें स्वीकारली. तिच्या शिल्पकारांत अग्रगण्य असलेले जोउ योउग्वांग १९०६ सालीं जन्मले व २०१७ सालीं, वयाच्या एकशेंअकराव्या वर्षीं, वारले. आपली योजना कोट्यवधि लोकांच्या बोटांत उतरलेली पाहण्याचें भाग्य त्यांस लाभलें. शाळेंत मुलें पिनयिन शिकतातच, म्हणून वेगळें शिकावें असें कांहीं उरत नाहीं. पण अडचण समान उच्चारांची. स्वरांचा भेद सोडला तर चिनी भाषेंत सुमारें चारशेंच उच्चार आहेत. स्वर धरले तरी ते तेराशेंच्या आसपास. आठ हजार अक्षरें एवढ्या उच्चारांत कोंबलेलीं! भाषाशास्त्रज्ञ चाओ युआनरेन यांनीं केवळ 'शि' या एकाच उच्चाराच्या अक्षरांची एक गोष्ट रचून दाखविली. ती वाचली तर अर्थ लागतो, ऐकली तर चुंबन घेणाऱ्या पालीचा चुकचुकाट तेवढा ऐकूं येतो. बोलण्याच्या भाषेंत दोन-दोन अक्षरांचे शब्द असल्यामुळें इतकी दुर्दशा होत नाहीं, आणि २००६ नंतरच्या पिनयिन पद्धतींनीं प्रचंड शब्दसंग्रह व पूर्वीच्या शब्दावरून पुढच्याचा अंदाज यांच्या बळावर ही अडचण पुष्कळच हटविली. तथापि ती नाहींशी झालेली नाहीं. आणि येथें आमची गोष्ट येते.

आमच्या शांघायच्या स्नेह्यांनीं पंधरा दिवसांची रजा काढून अभंगांच्या शेवटच्या भागावर रोज बसावें, आम्हींही येथें तेवढाच वेळ राखून ठेवावा, असें ठरलें होतें. आम्हीं त्यांस लिहिलें कीं, 'सत्रान्त परीक्षा संपतांच आम्ही मोकळे होऊं.' सत्रान्त या अर्थाचा जो शब्द आम्हीं एका जुन्या कोशांतून पाठ केला होता त्याचा उच्चार 'छीचोंग'. आम्हीं तो उच्चार कळांवर दाबला. यंत्रानें पहिला शब्द पुढें केला तो 'सत्रमध्य' या अर्थाचा, ज्याचा उच्चार स्वरासुद्धां तंतोतंत तोच. अक्षरें दिसावयास निराळीं आहेत, पण घाईंत आम्हीं पाहिलें नाहीं; जें पहिलें आलें तें स्वीकारून पुढें गेलों. त्यांनीं फेब्रुवारींत रजा घेतली. आम्ही त्या पंधरवड्यांत वर्ग, उत्तरपत्रिका आणि विद्यापीठाच्या बैठका यांत बुडालेले! त्यांची पुढची रजा ऑगस्टांत. रागावण्याऐवजीं त्यांनीं आम्हांस समजावून सांगितलें कीं, या दोन शब्दांचा घोटाळा चीनमध्येंही प्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच बोलतांना लोक सत्रान्तासाठीं दुसराच, 'छीमो' हा शब्द वापरतात. भाषेनें आपल्यापुरता उपाय शोधून ठेवला होता. आमच्या जुन्या कोशास व नव्या यंत्रास तो ठाऊक नव्हता.

'हक्क' आणि 'सत्ता' यांसाठीं असलेल्या चिनी शब्दांचा उच्चारही असाच एक आहे. कोणत्या वेळीं कोणता शब्द पुढें येईल हें यंत्राच्या अंदाजावर अवलंबून! यावर अधिक भाष्य आम्ही करीत नाहीं.

ही झाली चूक; ती डोळ्यांत तेल घालून पाहिल्यास टळते. आमची खरी तक्रार यापुढची आहे, आणि ती शैलीची आहे. पिनयिनच्या आधुनिक यंत्रांत शब्दांचीं केवळ आद्याक्षरें दाबलीं तरी चालतें. झेड, जी, आर, एम अशा चार कळा दाबा, 'चिनी जनता' हीं चार अक्षरें हात जोडून उभीं! म्हणजे जो शब्दसमूह जितका घासलेला, तितका तो स्वस्त. आणि जो स्वतःचा, ताजा, अनपेक्षित, तो कळांच्या हिशेबानें महाग. या प्रकाराचा पूर्वज मुलेनी यांच्याच पहिल्या ग्रंथांत सांपडतो. हनान प्रांतांतील खायफंग शहरच्या एका खिळे जुळणाऱ्यानें १९५१ च्या सुमारास आपल्या पेटींतील अक्षरें कोशाच्या क्रमानें न ठेवतां, नेहमीं एकत्र येणारीं अक्षरें शेजारीं-शेजारीं ठेवलीं, आणि त्याचा वेग कितीतरी वाढला. नेहमीं एकत्र येणारीं म्हणजे कोणतीं? त्या काळच्या वर्तमानपत्रांतील घोषणा! टंकलेखकांनीं तीच युक्ति आपल्या तबकांत उचलली. तबक घोषणांच्या आकाराचें झालें, आणि घोषणा तबकामुळें सोप्या झाल्या. मुलेनी या हकीकतींत आजच्या अंदाजी टंकलेखनाचें मूळ पाहतात, आणि तें बरोबर आहे. पण जुळाऱ्याच्या चातुर्यावर ते इतके खूष आहेत कीं, त्या सोयीनें लिहिणाऱ्याच्या मनावर काय केलें असेल हा प्रश्न ते आमच्या मतें फार लौकर सोडून देतात. अभंगांच्या कामांत आम्हांस याचा रोज प्रत्यय येतो. तुकोबांचा शब्द खरखरीत असतो. त्यास जुळेल असा चिनी शब्द आमच्या स्नेह्यांनीं सुचविलेला असतो. आणि यंत्र मात्र पहिल्यानें एखादी चार अक्षरांची गुळगुळीत म्हण पुढें सरकवितें. दहादां नाकारावी, अकराव्यांदा मनुष्य थकतो.

आणखी एक गोष्ट. अंदाज अधिक अचूक व्हावा म्हणून यांतील पुष्कळ यंत्रें दाबलेल्या कळा दूरच्या संगणकाकडे पाठवितात. टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संस्थेनें २०२४ सालीं नऊ कंपन्यांच्या अशा पद्धति तपासल्या, तेव्हां आठांमध्यें वाटेंतल्या तिसऱ्या माणसास त्या कळा वाचतां येतील असे दोष आढळले. पत्र पाकिटांत घालण्यापूर्वींच कोणी वाचावें, तशांतला हा प्रकार.

वूबीचे कैवारी येथें आपली बाजू पुढें करतात. पिनयिनमुळें लोक अक्षरें विसरले, हातांत लेखणी घेतली कीं अक्षर आठवत नाहीं, आणि या रोगावर वूबी हें औषध आहे, असें त्यांचें म्हणणें. रोग खरा आहे. चिनी भाषेंत त्यास चार अक्षरांचें नांवही पडलें आहे, आणि २०१३ सालीं चीनच्या दूरचित्रवाणीवर शाळकरी मुलांच्या अक्षरलेखनाच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हां घरोघरचीं वडील माणसें साधे साधे शब्द लिहितांना अडखळलीं. परंतु औषधाविषयीं आम्ही साशंक आहों. वूबी अक्षर फोडते तें तिच्या कळांच्या सोयीनें. कोशकारांचे मूळ अवयव आणि वूबीचे तुकडे पुष्कळदां जुळत नाहींत. शिवाय सराव मुरला कीं तें ज्ञान बोटांत जातें आणि डोळ्यांस सोडून देतें. हातानें लिहिण्यास पर्याय हातानें लिहिणें हाच. तें काम कोणत्याही कळफलकाकडून होणें नाहीं.

मग आम्हीं काय पत्करलें? चीनमध्येंही थोड्याच लोकांस ठाऊक असलेली 'श्वांगपिन', म्हणजे द्विकळ पद्धति. ही पिनयिनच, पण तिची फापटपसारा काढलेली आवृत्ति. चिनी उच्चाराचे दोन भाग पडतात, आद्य व्यंजन आणि उरलेला स्वरभाग. प्रत्येक भागास एक कळ. पूर्ण पिनयिनमध्यें एका अक्षरास सरासरी तीनाच्या आसपास कळा लागतात, कधीं सहा. येथें नेहमीं दोनच. 'च्वांग' या उच्चारास पिनयिनमध्यें सहा रोमन अक्षरें दाबावीं लागतात. आम्ही वापरतों त्या 'श्याओह' योजनेंत व्ही आणि एल एवढ्यानें भागतें. 'चीन' या शब्दास पिनयिनमध्यें आठ कळा, येथें चार, म्हणजे वूबीइतक्याच. आणि त्यासाठीं गाणें पाठ करावें लागत नाहीं, तीसेक जोड्या लक्षांत ठेवल्या कीं झालें. आम्हांस पहिले दहा दिवस जड गेले; महिन्याभरांत हात बसला.

एवढ्यानें समान उच्चारांचा प्रश्न सुटत नाहीं, हें उघड आहे. त्यासाठीं ध्वनीच्या दोन कळांपुढें रूपाची एक किंवा दोन कळा जोडण्याची सोय याच पद्धतींत आहे, आणि आमच्या मतें तिचें खरें मोल येथें आहे. 'शेवट' या अक्षराच्या डाव्या अंगास रेशमाच्या धाग्याचा अवयव आहे. 'मध्य' या अक्षरांत तो नाहीं. ध्वनि दाबून त्यापुढें धाग्याची एक कळ दाबली असती, तर आमच्या स्नेह्यांची रजा फुकट गेली नसती. शब्द ध्वनीनें सुचतो, आणि तो नक्की करावयाचा तो रूपानें. लेखकाच्या मनाचा क्रम व कळांचा क्रम येथें एक होतो. पर्यायांच्या ओळीकडे वारंवार पाहावें लागत नाहीं, म्हणून म्हणींचा मोहही कमी. शिवाय 'राइम' नांवाच्या, कोणासही फुकट मिळणाऱ्या साधनावर ती चालते, आणि कळा घराबाहेर जात नाहींत. दोषही सांगितले पाहिजेत : दुसऱ्याच्या संगणकावर बसलों कीं आम्ही पांगळे, आणि ज्या अक्षराचा उच्चार ठाऊक नाहीं तें येथें मुळींच सांपडत नाहीं. जुन्या पोथ्या उतरून घेणाऱ्यानें वूबी किंवा त्सांगज्येच धरावी. हाँगकाँगच्या मनुष्याची मातृभाषा कँटनी असते; त्यास पेकिंगच्या उच्चारांनीं लिहावयास सांगणें अन्यायाचें आहे, आणि तेथें त्सांगज्ये टिकून राहिली याचें रहस्य आम्ही यांत पाहतों. तैवानचे लोक आपल्या सदतीस ध्वनिचिन्हांवर सुखी आहेत. त्यांस कांहीं सुचविण्याचा आमचा अधिकार नाहीं.

जातां जातां घरच्याविषयीं एक शब्द. यंत्रासाठीं लिपीनें वांकावें कीं लिपीसाठीं यंत्रानें, हा वाद आपल्याकडेही झालेला आहे. टिळकांनीं छापखान्यासाठीं देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा उद्योग केला, सावरकरांनीं अ ची बाराखडी पुढें मांडली. संगणक आला आणि लिपि न वांकवितां काम भागलें. परंतु आमचे विद्यार्थी फोनवर मराठी लिहितात तें रोमन अक्षरें दाबून, आणि यंत्र देईल तें ऱ्हस्वदीर्घ मुकाट्यानें घेऊन. चिन्यांस ध्वनिलिपि नव्हती म्हणून त्यांनीं रोमन अक्षरांची शिडी घेतली. आपल्यापाशीं ध्वनिलिपि असून, तिच्या वर्णांच्या क्रमावर बसविलेला इनस्क्रिप्ट कळफलकही असून, आपण ही शिडी कां घेतों हें आम्हांस उमगलेलें नाहीं.

ऑगस्टांत अभंगांचें काम पुनः सुरू झालें. तेव्हां आम्हीं आमच्या स्नेह्यांस मोठ्या उत्साहानें द्विकळ पद्धतीचें महत्त्व पटवून देऊं लागलों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. ते तरुणपणीं वूबी शिकले होते. गाणें अजून तोंडपाठ आहे, पण बोटांतून ती गेली. पिनयिन त्यांस आवडत नाहीं, कारण त्यांचे उच्चार गांवाकडचे आहेत व यंत्रास ते कळत नाहींत. आतां ते फोनच्या काचेवर बोटानें अक्षर लिहितात, रेषेमागून रेष, आणि यंत्र तें ओळखून घेतें. वेग आमच्या निम्म्यानेंही नाहीं. तीन वर्षांत त्यांच्या पत्रांतून चुकीचें अक्षर आम्हांस एकदांच सांपडलें, आणि तेंही पत्र त्यांनीं बसमध्यें उभ्यानें लिहिलेलें होतें.